नांदेड-लातूरच्या बरोबर मधोमध

आत्याला ज्वारी पेरायची होती. गोष्ट एवढीच हाय. आता मधात बोलू नका, न्हाई तर माझा धागा तुटतोय. सिद्धराम, हुरड्याचं कणीस गरम हाय तवरच चोळ, गार झाल्यावर दाणा सुटत न्हाई.

मंजुळाआत्या म्हणजे माझ्या वडलांची थोरली बहीण. मामा, म्हणजे तिचा नवरा, तिकडं नांदेडच्या गिरणीत, आणि इकडं अहमदपूरजवळ हे चार एकर काळं रान आत्या एकटी बघती. दोन देवणी बैल हायत, हरण्या आणि पाखऱ्या. आणि तिची मूठ हाय. मूठ म्हणजे काय ते तुम्हा शिकलेल्यांना सांगायला पायजे. तिफणीवर लाकडाची वाटी असती, तिला चाडं म्हणतात. तिफण चालती तशी मागून चालत बाईनं त्यात मुठीतून बी सोडायचं. आत्या सोडती तेव्हा तीनही नळ्यांत दाणा असा पडतो की उगवल्यावर तासाला, म्हणजे रांगेला, दोरी लावून बघावी. शेजारपाजारचे लोक पेरणीला आत्याला बोलवायला येतात, मग सोयरीक मोडलेली असो का बांधावरनं भांडण झालेलं असो.

तर यंदा हस्ताचा पाऊस चांगला पडून गेला. रानात ओल होती. ओल रहाती धा-बारा दिवस. तेवढ्यात पेरलं तर वर्साची भाकर, न्हाई पेरलं तर वर्सभर दुसऱ्याच्या चुलीकडं बघायचं. आत्यानं बी निवडून टोपल्यात भरून ठेवलं. सकाळी तिफण जुपायची, आणि आदल्या दिवशी सरकारला आठवण झाली.

कशाची म्हणता? आपल्या मुल्कात शेती हजार वर्सं चालू हाय, पण धोरणाबिगर चालू हाय, असं हैद्राबादेत निजाम सरकारात कुणाच्या तरी ध्यानात आलं. मंग शेतीचं धोरण शोधून काढणारी एक मुल्की संस्था काढायचं ठरलं. तिचं उर्दू नाव एवढं लांब की दोन पाट्या लागल्या, आणि दुसऱ्या पाटीवर शेवटचा लफ्ज होता, खुदकफील. म्हणजे आपली आपण जगणारी. हैद्राबादहून हुकूम येतील, दाणा येणार न्हाई.

आता संस्था कुठं काढायची? नांदेडवाले म्हणले नांदेडला, आमच्याकडं गोदावरी हाय. लातूरवाले म्हणले लातूरला, आमच्याकडं आडत बाजार हाय. दोन्ही गावच्या बड्या लोकांच्या अर्ज्या जाऊन जाऊन तिथला शिपाई वाकला. शेवटी एका हुशार साहेबानं नकाशा पसरला, नांदेड ते लातूर पट्टी ठेवली, आणि बरोबर मधोमध पेन्सिल टोचली.

ती पेन्सिल आत्याच्या रानात घुसली. बाभळीपासून सात पावलांवर.

दुसऱ्या दिवशी बैलाच्या दमणीतून दोघं उतरले. एक बापूसाहेब, नांदेडचे, संस्थेचे नाजीम म्हणजे सगळ्यांत मोठे साहेब. शेरवानी, रुमी टोपी, आणि माणूस लई गोड. दुसरे माधवराव, लातूरचे, सदर मुहर्रिर म्हणजे मोठे कारकून. कागद, दौत, टाक सगळं त्यांच्या काखेत. सात पावलं मोजून त्यांनी एक खुंटी ठोकली.

"मंजुळाबाई, मुबारक," बापूसाहेब म्हणले. "तुमच्या शेतात संस्था निघाली."

"निघू द्या," आत्या म्हणली. "दोन रोजात पेरणी उरकते, मंग काढा."

"पेरणी नाही करता येणार. काय पेरायचं ते धोरण अजून ठरायचं आहे."

"ज्वारी."

"ते तुमचं मत झालं."

"माझ्या सासऱ्याचं बी हेच मत व्हतं. त्याच्या बापाचं बी."

माधवरावांनी लिहून घेतलं. स्थानिक मतं तीन, सर्व एकतर्फी.

"साहेब, ओल जाईल की."

"ओलीचाही अभ्यास करू," बापूसाहेब म्हणले, आणि खरं सांगतो, ते मनापासून म्हणले. त्या माणसात खोट न्हाई. त्याला फक्त कुणी सांगितलं नव्हतं की ओल बघायला जाईपर्यंत ती थांबत न्हाई.

दुपारी भुका लागल्या. संस्था खुदकफील, म्हणजे संस्थेनं संस्थेतलंच खायचं. पण संस्थेत तर नुसती खुंटी. माधवरावांनी यादी केली. रान संस्थेच्या हद्दीत, म्हणून रानात जे उभं ते संस्थेचं. अंतर्गत साधनं: विहीर एक, बैल दोन, मंजुळाबाई एक, बाभूळ एक. साधनानं अंबाडीची भाजी आणि भाकर वाढली. साहेबांनी तीन भाकरी खाल्ल्या आणि संस्था पहिल्याच दिवशी स्वतःच्या पायावर उभी राहिल्याचा अहवाल वर पाठवला.

हसता काय? पुढं ऐका.

ओल बघायला माणूस पायजे, म्हणून नांदेडहून एक ओल-निरीक्षक आला. नांदेडचा एक आला म्हणून लातूरचा एक आला, पहिल्यानं बघितलेली ओल तपासायला. त्या दोघांचं लिहायला नांदेडचा मुहर्रिर, म्हणून लातूरचा मुहर्रिर. पाटी पुसायला एक, म्हणून दुसरा. एका पाटीला एक गाव, एवढं तरी बरं की पाट्या दोन होत्या. आठव्या रोजाला अठरा माणसं झाली, बाराव्याला सव्वीस. तेरा नांदेडची, तेरा लातूरची. आणि सगळी जेवणारी.

ओल-निरीक्षक रोज सकाळी खुणा केलेली काठी रानात खुपसायचा. पहिल्या दिवशी ओल दोन बोटं खाली. मंग तीन. मंग साडेचार. दोघांचे आकडे तंतोतंत जुळायचे. वरनं शाबासकीचं पत्र आलं, की ओल घटण्याचं निरीक्षण अत्यंत समाधानकारक आहे, असंच चालू ठेवावं.

आत्या रोज विचारायची. "आज किती?"

"सहा बोटं, मंजुळाबाई."

"मंग पेरू का?"

"आता पेरलं तर निरीक्षणात खंड पडेल. थोडीच ओल राहिली आहे, ती गेली की अभ्यास पुरा झाला."

त्यात आबान महिना सरला, आझुर लागला. म्हणजे सरकारी फसली साल पन्नासचं एक्कावन्न झालं. आत्याचा सवाल पन्नास सालातला, त्याची मिसल म्हणजे फाईल बंद. माधवराव स्वतः चुलीपर्यंत आले सांगायला, माणुसकी बघा. आत्यानं भाकर थापता थापता एक्कावन्न सालासाठी पुन्हा विचारलं, पेरू का. जवाब लेखी मिळाला. सवाल नवीन असल्यामुळं अभ्यास पहिल्यापासून.

शेजारचा सटवाजी, ह्यो पलीकडच्या बांधावरचा, तो रोज यायचा आणि बघून जायचा. एक दिवस म्हणला, "मंजुळे, समद्यांची रानं पेरून झाली. तुझं रान सरकारनं शिकायला पाठविलं का काय?"

"हाव," आत्या म्हणली. "शिकून आलं की मला वळखणार न्हाई."

बाराव्या दिवशी कणगीचा तळ लागला. ज्वारी संपली. घरात राहिलं फक्त ते टोपलं, निवडून ठेवलेलं बी. माधवरावांनी टोपल्याकडं बघितलं आणि अदबीनं विचारलं, "मंजुळाबाई, हे दळता येईल का? संस्थेची एका वेळची अडचण आहे."

आत्यानं टोपल्यावर लुगड्याचा धडपा टाकला, तिथनं उठली, आणि बांधापलीकडं हाक दिली. "सटवाजी, उद्या सकाळी इर्जिक."

इर्जिक तुमच्या शहरात नसती. एकाचं रान मागं राहिलं की गावातली औतं एकदम त्याच्या रानात उतरायची. रोज न्हाई, मजुरी न्हाई. मालकानं जेवण द्यायचं, आणि ज्यानं जेवण खाल्लं त्यानं औताला हात लावायचा. मंग तो पाटील असो का कोतवाल. हा कायदा कुठं लिहिलेला न्हाई, म्हणून तो अजून चालतोय.

सकाळी नऊ तिफणी उतरल्या. संस्था अजून तोंड धुवून राहिली होती.

"हे काय चाललंय?" बापूसाहेब म्हणले.

"इर्जिक," आत्या म्हणली. "तुम्ही धरा ती सटवाजीची तिफण. माधवरावांना कासरा द्या."

"आम्ही? कुणाच्या हुकमानं?"

"बारा दिस जेवलात की. इर्जिकीत काम आधी, जेवण मागनं. तुम्ही साहेब लोक, म्हणून तुम्हाला जेवण आधी दिलं."

"आम्ही इर्जिकीचं जेवण जेवलो नाही," बापूसाहेब म्हणले. अजून गोडच.

मंग सटवाजी पुढं झाला. डोईचं मुंडासं काढून हातात धरलं, इतका नरम. "न्हाई तर न्हाई साहेब. पण मंग काय म्हणून जेवलात ते लिवा. दोनाची सव्वीस माणसं, बारा दिस. रयतेचं फुकट खाल्लं तर ती बेगार व्हती. बेगारीला सरकारची बंदी हाय म्हणतात. मला अडाण्याला काय कळतंय. तुम्ही लिवा, आम्ही अंगठे देतो."

माधवरावांचा टाक कागदावर टेकला आणि तिथंच राहिला. शाईचा ठिपका वाढून वाढून चवलीच्या नाण्याएवढा झाला. इर्जिक म्हणावं तर तिफण धरावी लागती. बेगार म्हणावं तर हैद्राबादला जाऊन जवाब द्यावा लागतो. आणि संस्थेतलंच खाल्लं म्हणावं, तर त्या यादीतलं साधन कमरेवर हात ठेवून समोर उभं.

बापूसाहेबांनी शेरवानी काढली आणि बाभळीला अडकवली.

मी बांधावर होतो, म्हणून सांगतो. असली पेरणी पुन्हा दिसायची न्हाई. बापूसाहेब तिफणीवर जोर देतात तर तिफण त्यांनाच वढून नेती. लातूरचा ओल-निरीक्षक पहिल्यांदा ओलीत पाय घालून उभा राहिला आणि म्हणला, "अरे, गार आहे." इतक्या दिवसांत एवढंच एक त्यानं काठीबिगर शोधलं. हरण्याच्या जुवाची शिवळ, म्हणजे मानेजवळची दांडी, मोडली, तर सटवाजीनं संस्थेची खुंटी उपटून तिथं खोवली. अजून तीच हाय, जाऊन बघा. आत्या एका चाड्यावरनं दुसऱ्यावर, मूठ उघडती मिटती. उन्हं डोक्यावर यायच्या आत चार एकर रान पेरून झालं. दुपारी सटवाजीच्या घरनं भाकरी आल्या. बापूसाहेबांनी पाच खाल्ल्या, आणि ह्या बारा दिवसांत पहिल्यांदा माधवरावांनी त्या कुठं लिहिल्या न्हाईत.

ओल किती उरली होती? आठ बोटं खाली. अजून एक रोज गेला असता तर दाणा नुसता मातीत निजला असता.

आता खरी गंमत. रान उगवलं, तेव्हा संस्थेनं वर अहवाल धाडला. एक्कावन्न पानांचा, साल एक्कावन्न म्हणून. पन्नास पानं ओलीचे आकडे, आणि शेवटच्या पानावर धोरण: ओल असताना पेरावे. ज्वारी बरी. हैद्राबाद खूष झालं. एका दाण्याची मदत न करता संस्था चालली, धोरण निघालं, वर पीक आलं. हुकूम सुटला की ह्याच नमुन्यावर दर दोन गावांच्या बरोबर मधोमध एकेक संस्था काढावी. निलंगा आणि देवणीच्या मधोमध खुंटी पडलीय. नायगावकडं पट्टी ठेवून राहिलेत.

काय म्हणलास सिद्धराम? जागा किती निघणार?

बघा आता. मघापासून बापूसाहेबांना हसून हसून दोघांचे दाणे नाकात गेले, आणि जागा म्हणल्याबरोबर सगळ्यांच्या माना वर. सांगतो. एका संस्थेला सव्वीस. मॅट्रिक पायजे, शेती येत असल्यास हरकत नाही. अर्जी माधवरावांकडं. मला ठावूक कसं? मी कालच दिली. माझी नांदेडच्या बाजूनं हाय, म्हणून लातूरकडचा एक जोडीदार लागतोय.

ती बघा, आत्या आली. हातात काय हाय म्हणता? गोफणी. कणसात दाणा भरला की पाखरं उतरतात. मचाणावर उभं राहून हाकायची, सांजपर्यंत.

काय म्हणली ऐकलं का? "हुरडा खाल्ला ना पोरांनो."

सिद्धराम, आम्ही पाहुणे म्हणू नको. बापूसाहेब पहिल्या दिवशी पाहुणेच होते. घे ती गोफण. आणि खिशातनं पेन्सिल कशाला काढून राहिलास? पाखरं किती ते आधी मोजू म्हणतोस?

आणि तुम्ही बाकीचे माझ्या तोंडाकडं काय बघता. उठा. शेवटपर्यंत ऐकत बसलं, म्हणजे औताला हात लागला असं न्हाई.