गोरक्षराव फोटोत नाहीत

जावयाचा ड्रोन गच्चीच्याही वर जाऊन थांबला आणि गोरक्षराव थेट्यांच्या हातातल्या रिमोटवरचा हिरवा दिवा लाल झाला. रिमोटला अडकवलेल्या मोबाइलवर आत्तापर्यंत सोसायटीचं अंगण झकास दिसत होतं. आता तिथे नुसता एक गोल फिरत होता आणि त्याखाली वायफाय तुटल्याचं इंग्रजीत लिहून आलं होतं. गोरक्षरावांनी मोबाइल हलवून पाहिला, मग शर्टाला पुसला. घरातली कुठलीही वस्तू बिघडली की ते आधी ती पुसून बघत, आणि निम्म्या वस्तू तेवढ्याने सुरूही होत. ड्रोन त्या निम्म्यांतला नव्हता.

"विमल, गेलं गं," ते वर बघून म्हणाले.

पहिल्या मजल्याच्या गॅलरीत विमलताई भांड्यांच्या खोक्याला सुतळी बांधत होत्या. "काय गेलं?"

"सिग्नल. ड्रोन वरच अडकलाय."

"मग खाली बोलवा त्याला."

"सिग्नल असता तर बोलावला नसता का?"

"जावयांची वस्तू आहे, हात लावू नका म्हटलं होतं मी." विमलताईंनी सुतळी दाताने तोडली. चाळीस वर्षांच्या संसारात आपण अमुक गोष्ट आधीच म्हटली होती, हे सांगण्याची संधी त्यांनी कधी वाया घालवली नव्हती.

गंगापूर रोडवरची ही श्रमसाफल्य सोसायटी आता पडणार होती. तीन मजल्यांच्या जागी बारा मजले उभे राहायचे होते, आणि उद्या सकाळी सगळ्यांनी बिल्डरला चाव्या द्यायच्या होत्या. कुणी इंदिरानगरला भाड्याने जाणार होतं, कुणी पंचवटीला, कुणी गावाकडे. अंगणात टेम्पोची वाट बघत गाद्यांचा ढीग पडला होता. जाण्याआधी इमारतीचा आणि सगळ्या माणसांचा एकत्र फोटो व्हावा, एवढीच गोरक्षरावांची इच्छा होती. म्हणजे तसं ते सगळ्यांना सांगत होते. खरी इच्छा वेगळी होती आणि ती सांगायची त्यांना लाज वाटत होती.

गोरक्षरावांना त्या फोटोत स्वतः असायचं होतं.

सातपूरच्या कंपनीत लागल्या लागल्या त्यांनी कॅमेरा घेतला. सोसायटीत तेव्हा दुसरा कॅमेरा नव्हता, त्यामुळे वास्तुशांत असो, बारसं असो की कोजागरी, "जरा जवळ या, हसा" म्हणायचं काम त्यांच्याकडे आलं ते कायमचं. वास्तुशांतीच्या दिवशी गच्चीवर काढलेला सगळ्यांचा फोटो अजून प्रत्येक घरात होता. त्यात विमलताई होत्या, कडेवरची लेक सायली होती, हनीफभाई बेलबॉटममध्ये होते. गोरक्षराव नव्हते. चाळीस वर्षांच्या अल्बमात ते दोनच ठिकाणी सापडत. एका फोटोत त्यांची सावली होती आणि एकात बोट. ड्रोनला मात्र धरून उभं राहावं लागत नाही. तो वर सोडायचा आणि आपण जाऊन सगळ्यांच्या मध्ये उभं राहायचं, म्हणून गोरक्षरावांनी पुण्याहून जावयाचा ड्रोन मागवून घेतला होता.

ग्रुपवर त्यांनी निरोप टाकला होता, 'रविवारी चार वाजता सर्वांनी अंगणात जमावे.' सगळ्यांनी अंगठे दिले. चार वाजता अंगणात गोरक्षराव आणि गाद्यांवर झोपलेलं मांजर एवढेच हजर होते. आवाज ऐकून तरी कुणी येईल म्हणून त्यांनी ड्रोन सोडला, रेकॉर्डिंगही चालू केलं. आवाजाने मांजर तेवढं निघून गेलं. मग सिग्नल गेला.

विमलताईंचा मोबाइल मागून घेऊन त्यांनी सायलीला पुण्याला फोन लावला.

"बाबा, घाबरू नका," सायली म्हणाली. "सिग्नल तुटला की तो तिथेच थांबतो. बॅटरी संपत आली की आपोआप खाली उतरतो."

"खाली म्हणजे कुठे?"

"असेल तिथेच, सरळ खाली. वारा असेल तर थोडा इकडेतिकडे."

गोरक्षरावांनी इकडे पाहिलं. इकडे रस्ता होता. तिकडे शेजारच्या मंगल कार्यालयाचं किचन होतं आणि तिथे मोठ्या कढईत काहीतरी तळणं चाललं होतं. "परागराव आहेत का गं?"

"झोपलाय. उठवू का?"

"नको, नको. झोपू दे त्यांना. दमले असतील." जावई आयुष्यात कधी इतका दमलेला असावा, असं गोरक्षरावांना पूर्वी वाटलं नव्हतं.

"मग असं करा," सायली म्हणाली, "आजूबाजूला घरोघरी वायफाय असणार. त्यांची एकमेकांत गर्दी होते. सगळ्यांना थोडा वेळ बंद करायला सांगा."

गोरक्षराव निघाले. तळमजल्यावर हनीफभाई शेख मॅच बघत होते. एसटीतून निवृत्त झाल्यापासून त्यांची एकही मॅच चुकली नव्हती.

"भाऊ, आखरी ओव्हर आहे," ते नजर न हलवता म्हणाले. "आत्ता बंद केलं तर माझंच सिग्नल जाईल."

"परागरावांचा ड्रोन आहे, हनीफभाई."

"जावयाचा?" हनीफभाई ताडकन उठले. त्यांनाही तीन जावई होते. त्यांनी स्वतःच्या हाताने बटण बंद केलं. त्यासरशी आतल्या खोलीत शिकवणी घेणारी त्यांची सून शाझिया बाहेर आली. "अब्बू, नेट गेलं का? माझी मुलं गायब झाली स्क्रीनवरून."

"येतील परत. चल, बाहेर ये. थेटेअंकलचं विमान अडकलंय."

दुसऱ्या मजल्यावर बयाबाई मोबाइलवर मालिका बघत होत्या. त्या मूळच्या सिन्नरकडच्या, वयाने सोसायटीत सगळ्यांत मोठ्या, आणि सगळे त्यांना आक्का म्हणत.

"वायफाय म्हंजे ते काळं डबडं ना?" त्या म्हणाल्या. "त्ये हाय तिकडं कोपऱ्यात. धूळ बसू नये म्हून मी त्याला झबलं शिवलंय."

गोरक्षरावांनी झबल्यात हात घालून वायर काढली. मोबाइलमधली सासू तोंड उघडून तशीच थांबली.

"आता हिनं काय बोलायचं व्हतं, ते कोण सांगंल मला?"

"आक्का, खाली चला. तिथे जास्त बघण्यासारखं आहे."

तिसऱ्या मजल्यावर सेक्रेटरी झुंबर बोडके पायजम्यात उभे राहिले. "हे असं तोंडी नाही चालत, थेटे. आधी ग्रुपवर टाकायला हवं होतं."

"चार वाजता जमायचं पण टाकलं होतं ग्रुपवर."

"त्याला मी अंगठा दिलाय," बोडके अभिमानाने म्हणाले. "सगळ्यात पहिला."

पण तेवढ्यात वारा सुटला, ड्रोन मंगल कार्यालयाकडे वीतभर सरकल्यासारखा वाटला, आणि गोरक्षरावांचा चेहरा पाहून बोडक्यांनी पुढचा नियम गिळला. बाकीच्या दारांतही थोड्याफार फरकाने हेच झालं. कुणी कुरकुरलं, कुणी उद्या राउटर काढायचाच आहे म्हणून आजच काढून ठेवला.

आता नेट बंद पडलेल्या घरात माणसाने करायचं काय? खोकी तर बांधून झाली होती. एकेक जण चपला अडकवून खाली येऊ लागला. पूर्वी लाइट गेली की असंच व्हायचं. कोपऱ्यापर्यंत अंधार झाला की घराघरांतून माणसं बाहेर पडायची, वहिन्या पायऱ्यांवर बसायच्या, पोरं आरडाओरडा करायची, आणि लाइट आली की सगळे जरा नाराज होऊनच घरात जायचे. नंतर इन्व्हर्टर आले. मग कुणाची लाइट कधी गेली, हे शेजाऱ्यालाही कळेनासं झालं. खाली आलेल्या घोळक्याकडे पाहताना गोरक्षरावांना ते सगळं आठवलं आणि भर संकटात त्यांना बरं वाटलं. विमलताईसुद्धा सुतळी टाकून खाली आल्या होत्या.

"लाल आहे अजून," हनीफभाई रिमोटवर वाकून म्हणाले.

"बघू, बघू." बोडके वाकले. "इथे काहीतरी बारीक लिहिलंय. चष्मा कुणाचा आहे?"

शाझियाने मान घातली. आक्कांनी शाझियाच्या खांद्याला धरून मान घातली. रिमोट मधोमध गोरक्षरावांच्या हातात होता आणि सगळी सोसायटी त्यावर ओणवी झाली होती.

"याला एक धपका घाला," आक्का म्हणाल्या. "आमच्या टीव्हीला घालायचो."

"आक्का, जावयाचा आहे."

"मग हळू घाला."

यावर सगळे हसले. हनीफभाईंना मात्र टीव्हीवरून वेगळंच सुचलं. "भाऊ, उंचावर चढा. ॲन्टेना विसरलात काय?"

ॲन्टेना कोण विसरणार होतं? नाशकात तेव्हा टीव्हीवर माणसांपेक्षा मुंग्या जास्त दिसत. रविवारचा सिनेमा लागला की हनीफभाई गच्चीवर पाइप फिरवत, विमलताई गॅलरीत उभ्या राहत आणि गोरक्षराव टीव्हीसमोर. "आलं का?" वरून हाक यायची. "आलं का?" विमलताई आत विचारायच्या. "आलं, आलं... गेलं. मागे फिरवा." एवढ्यात नायिकेचं गाणं संपलेलं असायचं. गोरक्षराव आणि विमलताईंचं या घरातल्या पहिल्या काही वर्षांतलं निम्मं बोलणं हेच होतं.

हनीफभाईंचे गुडघे आता जिन्याचं नाव काढू देत नव्हते, म्हणून गोरक्षराव स्वतः गच्चीवर गेले, आणि तिथूनही लोखंडी शिडीने पाण्याच्या टाकीवर चढले. वर उभं राहून त्यांनी दोन्ही हातांनी रिमोट डोक्याच्या वर धरला.

"आलं का?" खालून विमलताईंचा आवाज आला.

इतक्या वर्षांत हा प्रश्न नेहमी वरून खाली यायचा. आज पहिल्यांदाच तो खालून वर आला. गोरक्षरावांनी मान उंच केली. रिमोटवर हिरवा दिवा लागला होता.

"आलं," ते ओरडले. "आलं गं."

मोबाइलवर अंगण दिसत होतं आणि अंगणात सगळेजण. हनीफभाई, आक्का, झुंबर बोडके, शाझिया, आणि कपाळावर हात धरून वर बघणाऱ्या विमलताई.

"जरा जवळ या," गोरक्षराव सवयीने म्हणाले. "बोडके, आत सरका. हसा."

"अहो, तुम्ही या की खाली," विमलताई म्हणाल्या.

गोरक्षराव शिडीची एक पायरी उतरले. दिवा लाल झाला. परत चढले. हिरवा झाला. पुन्हा उतरून पाहिलं, पुन्हा लाल. "मी आलो की हे जातंय," ते म्हणाले. बॅटरीचं चिन्हही लुकलुकायला लागलं होतं. गोरक्षरावांनी एक मोठा श्वास घेतला आणि फोटो काढणाऱ्या माणसाने करायचं ते केलं. बटण दाबलं. खाली चाळीस वर्षांपूर्वीसारखेच सगळे हसत उभे होते आणि ते चाळीस वर्षांपूर्वीसारखेच फोटोच्या बाहेर होते. फार वाईट वाटलं त्यांना. टाकीवर कुणी बघत नव्हतं म्हणून त्यांनी बाहीने डोळे पुसले.

ड्रोन सावकाश खाली आला आणि गाद्यांच्या ढिगावर उतरला. तो पाहुण्यासारखा अलगद बसला, असं विमलताई म्हणाल्या. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

फोटो बघायला सगळे थेट्यांच्या रिकाम्या हॉलमध्ये जमले. शाझियाने लॅपटॉप आणला, हनीफभाईंच्या घरातून अनवरीभाभींनी चहा पाठवला, सायली पुण्याहून व्हिडिओ कॉलवर आली. ड्रोनमधलं कार्ड लॅपटॉपमध्ये घातलं, तर त्यात फोटो नव्हता.

"अंकल, रेकॉर्डिंग आधीपासून चालू होतं," शाझिया म्हणाली. "तुम्ही शेवटी दाबलं ते बंद करायचं बटण."

बोडक्यांनीसुद्धा नियम काढला नाही.

"बाबा," सायलीने विचारलं, "मोबाइल ओळखीचं वायफाय दिसलं की आपोआप तिकडे जातो. आपलं बंद केलं होतं ना?"

हॉलच्या कोपऱ्यात थेट्यांचा राउटर हिरवे दिवे लुकलुकवत बसला होता. विमलताईंनी त्याच्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. "म्हणून टाकीवर जाऊन आलं सिग्नल. तिथे आपलं पोचत नाही," त्या म्हणाल्या. "सगळ्या सोसायटीचं बंद करून आले आणि घरचं तसंच. बाहेरची कामं आधी, हे काही आजचं नाही."

"व्हिडिओ तरी लावा," गोरक्षराव पडलेल्या आवाजात म्हणाले.

व्हिडिओत आधी रिकामं अंगण होतं. मग त्यात गोरक्षराव दिसले. रिमोट हलवताना, आकाशाला हात जोडताना, एका जिन्यातून दुसऱ्या जिन्यात पळताना. हसून हसून आक्कांना ठसका लागला. हळूहळू अंगण भरत गेलं, आणि एका जागी शाझियाने व्हिडिओ थांबवला. सगळे गोल करून ओणवे उभे होते. चेहरा एकाचाही दिसत नव्हता, नुसती डोकी. अगदी मधोमध, रिमोट धरून, एक चकचकीत टक्कल.

गोरक्षराव खुर्चीवरून पुढे सरकले. मग म्हणाले, "हाच मोठा करून द्या."

आता तो फोटो इंदिरानगरच्या भाड्याच्या घरात, दारासमोरच्या भिंतीवर आहे. परवा नवे शेजारी ओळख करून घ्यायला आले, त्यांनी तो जवळ जाऊन पाहिला. "हे काय आहे हो?"

"आमची सोसायटी. हे मेंदी लावलेलं डोकं हनीफभाईंचं. हा आक्कांचा अंबाडा. हा भांग पडलाय तो आमच्या हिचा, सरळ. बोडक्यांचा टोप आहे, पण तुम्ही बोलू नका कुठे."

"आणि हे मधलं चकाकतंय ते? काचेवर उजेड पडलाय का?"

गोरक्षराव उठले. त्यांनी शर्टाच्या बाहीने काच पुसली आणि त्या गोलावर बोट ठेवलं.

"तो मी," ते म्हणाले.