उत्तरेश्वर उठतात

नारायण पेठेतले भांडीवाले उत्तरेश्वर गिऱ्हाईक आलं म्हणून खुर्चीतून उठले, असं पाहिलेला माणूस अजून कुणाला भेटलेला नाही. कढई ते हनुवटीने दाखवत, पातेलं भुवईने. (बोट हलवलं, तर गिऱ्हाईक लग्नाच्या खरेदीचं समजावं.)

पण उजवा खुबा झिजला. डॉक्टर म्हणाले, "सांधा बदलावा लागेल. त्याआधी मांड्यांत ताकद हवी. पुढच्या तपासणीला हात न टेकता उठून दाखवा, तरच ऑपरेशनची तारीख देतो."

व्यायाम शिकवायला फिजिओथेरपिस्ट नाजिमा घरी आली. पहिला व्यायाम उताणं झोपून कंबर उचलायचा. पलंग असा करकरला, की श्यामलाबाई स्वयंपाकघरातून ओरडल्या, "अहो, जपून! पलंग माझ्या माहेरचा आहे!" दुसरा व्यायाम छातीवर हात बांधून खुर्चीतून उठायचा.

"दिवसभर करा, काका. विसरायला नको म्हणून कशाला तरी जोडून टाका."

"गिऱ्हाइकाला जोडतो," उत्तरेश्वर म्हणाले. एकदा ठरवलं की ठरवलं.

दुसऱ्या दिवशी वासंतीबाई झारा घ्यायला आल्या. उत्तरेश्वर हात बांधून, दातओठ खात, इंचाइंचाने उभे राहिले. वासंतीबाई पायरीपर्यंत मागे सरकल्या.

"माझं काही चुकलं का?"

"छे, छे! या ना."

"या?" बाई आणखीच घाबरल्या. "लग्न होऊन आले तेव्हापासून येतेय मी इथे. खरं सांगा, काय झालंय?"

खुब्याची बातमी पेठेत नको होती. (लोक तेल सुचवतात. तेही स्वतःच्या मेव्हण्याकडचं.) म्हणून उत्तरेश्वर मोघम बोलले, "काही नाही हो. आता उठायचंच, असं ठरवलंय."

बाहेर पडता पडता वासंतीबाईंनी फोन लावला. "ऐकलंस का? उत्तरेश्वर उठतायत! अगं, म्हणजे दुकान उठतंय!"

संध्याकाळी पायरीवर ही झुंबड.

"काका, सेल कुठाय?"

"सेलबिल काही नाही!" हे सांगायला उत्तरेश्वर उठले.

"बघा, उभे राहिले! म्हणजे खरंच आहे. कुकर निम्म्यात द्या."

नवा माणूस आला की उत्तरेश्वर उठत, आणि ते उठले की लोकांची खात्री पटे. शेवटी श्यामलाबाई कळवळून म्हणाल्या, "अहो, बसून सांगा ना! तरच विश्वास बसेल."

"आणि तारीख? ती कोण देणार, ही माणसं?" असं म्हणून उत्तरेश्वर पुढच्या गिऱ्हाइकासाठी उठले. दुकान उठो, नाहीतर धंदा बसो, मांडी घडलीच पाहिजे!

आणि घडली. तपासणीच्या दिवशी डॉक्टरांनी "उठा" म्हणायच्या आतच उत्तरेश्वर स्प्रिंगसारखे उभे.

"वा! तारीख पक्की," डॉक्टर खूश झाले. मग दाराकडे पाहत त्यांनी आवाज खाली आणला. "ते दुकान उठतंय, ते खरं ना? नाही, आमच्या हिने विचारायला सांगितलंय, निम्म्यातली मोठी परात शिल्लक आहे का?"

उत्तरेश्वर खाली बसले. दोन्ही हात टेकून.