धूर काही निघेना

दुपारी ऑफिसातून सटकून एक सिनेमा टाकायचा, एवढाच माझा साधासुधा बेत होता. बायको तिच्या आईला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेणार होती, म्हणजे मैदान मोकळं. साहेबांना सांगितलं, सासूबाई अत्यवस्थ आहेत, आणि चेहरा पाडला. (त्याला फार कष्ट पडत नाहीत, तो मुळातच तसा आहे.) साहेब बिचारे "पुन्हा?" एवढंच म्हणाले आणि त्यांनी सही केली.

सिनेमा एका शिंप्याचा होता. आपण खरंच राक्षसांच्या राज्यात आलोय की आपलं डोकं फिरलंय, हेच त्याला कळत नसतं. तिथली चेटकीण त्याच्या ओळखीच्या माणसांची मायावी रूपं पाठवते. उपाय एकच. रूपाच्या नजरेला नजर भिडवून आपलं पाप कबूल करायचं, की त्याचा धूर होतो. शिंप्याने स्वर्गवासी काकांना "तुमच्या सदऱ्याचं उरलेलं कापड मी ढापलं" असं सांगितलं आणि काका भुर्रकन उडाले. मला ते फारच पटलं. मग थंडगार हवेत माझा डोळा लागला.

जाग आली ती मध्यंतरात. नाकावर थ्रीडी सिनेमासाठी दिलेला काळा चष्मा तसाच, आणि समोर पॉपकॉर्नचा डबा घेऊन बायको उभी. ही तर डॉक्टरकडे असायला हवी. शिवाय ती मला बघून चक्क घाबरली होती. लग्नाला चौदा वर्षं झाली, ही बाई मला एकदाही घाबरलेली नाही. तेव्हा ही मायावीच, यात शंका उरली नाही.

मी छाती काढून उभा राहिलो आणि खड्या आवाजात सांगितलं, की काचेची मोठी बरणी मांजराने नव्हे, मी फोडली. रूप जागचं हलेना. मग सांगितलं, की तू विणलेला स्वेटर हरवला नाही, मी तो शिपायाला देऊन टाकला. रूप नुसतंच लाल झालं. आता ब्रह्मास्त्रच काढायला हवं होतं.

"रजेसाठी मी तुझ्या आईला यंदा चार वेळा अत्यवस्थ केलंय," मी म्हणालो. "आजची धरून पाच."

धूर काही निघेना. उलट तिच्या मागून आणखी एक काळा चष्मा पुढे आला. चष्म्याआड सासूबाई होत्या.

"जावईबापू," त्या शांतपणे म्हणाल्या, "मला नक्की झालंय तरी काय?"

घरी येताना बायकोने सगळं उलगडून सांगितलं. आईचे डोळे ठणठणीत होते. डॉक्टरची थाप मारून दोघी सिनेमाला आल्या होत्या, आणि मला बघून हिची बोबडीच वळली होती. "अहो, तुम्ही नुसते गप्प बसला असतात, तर मीच माफी मागणार होते," ती म्हणाली. चौदा वर्षांत एकदाच चालून आलेली संधी मी अशी मातीत घातली.

सासूबाई त्याच संध्याकाळी बॅग घेऊन आमच्याकडे राहायला आल्या. पाच आजारपणं झाली म्हणजे पाच आठवडे विश्रांती, असा त्यांचा सरळ हिशेब. उशी वर कर, खाली कर, पेपर मोठ्याने वाच, गरम पाणी आण, हे सगळं माझ्याकडे. चौथ्या दिवशी मलाच सणकून ताप भरला. मी कण्हत साहेबांना फोन केला, की साहेब, आज मी स्वतः आजारी आहे.



"काय हे," साहेब म्हणाले. "तिकडे सासूबाई मरणाच्या दारात, आणि तुम्हाला असल्या थापा सुचतात?"