मयुरीचं हसू आणि रोहण्याची वांगी

मयुरीला बघायला पाहुणे यायचे होते ते नेमके बातम्यांच्या वेळी. ती वर्ध्याच्या एका केबल वाहिनीवर रोज संध्याकाळी बातम्या द्यायची आणि शेवटी भाजीबाजाराचे भाव सांगायची. सुट्टी मागितली तर संपादक अनुपभाऊ म्हणाले, "पाहुणे टीव्हीवरच पाहून घेतीन की! बातम्या सरल्या की घरी जाजो."

म्हणून रोहणा गावचे पाहुणे मयुरीच्या पिपरी मेघे वस्तीतल्या घरात टीव्हीसमोर बसले. आईनं, सुलोचनाबाईंनी, फोनवर बजावलं होतं, "हासत राहजो व माय, तोंड लटकवू नको." हे स्थळ मयुरीला मनापासून हवं होतं. आधीच्या मुलांनी नोकरी सोडायला सांगितलं होतं. रोहण्याच्या या मुलानं, नयननं, मात्र पहिल्याच फोनवर विचारलं होतं, कॅमेऱ्यासमोरची अक्षरं वर सरकवतं कोण? एवढं कुतूहल असलेला माणूस पुन्हा मिळणं कठीण.

त्यामुळे ती हसली. पाणीपुरवठा बंद राहणार, हे हसून सांगितलं. रस्ता खचला, हेही हसून सांगितलं. शेवटी सगळे दात दाखवत म्हणाली, "आज वांग्यांचे भाव गडगडले. नमस्कार!"

ती घरी पोचली तेव्हा पोह्यांना कोणी हात लावलेला नव्हता. नयनचे वडील कवडूजी यांच्या वावरात या हंगामात वांग्यांशिवाय काही नव्हतं.

"पोरी, आमचे वांगे पाडून हासत काऊन होती?"

"मी नाही पाडले, काकाजी. बाजारातून भाव कळतात, मी फक्त वाचते."

"वाचलं कोनं?"

"मीच."

"मंग?"

बी.एस्सी. झालेल्या मयुरीनं पोह्यांची बशी त्यांच्यापुढे सरकवली.

"पोरगी गोड हाय," नयनची आई अन्नपूर्णाबाई कुजबुजल्या, "पन पायगुन पाहा ना."

"टीव्हीवर पाय कुठी दिसते, आई?" नयन म्हणाला.

कवडूजींनी निकाल राखून ठेवला. "उद्या पाहू. उद्या हासू नको, बस."

गावी जाताच त्यांनी शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगितलं की भाव पडले आहेत, उद्या कोणी वांगी तोडू नका. रोहण्याच्या गाड्या गेल्याच नाहीत. बाजारात आवक घटली आणि भाव चढला. त्या संध्याकाळी मयुरीनं तेरवीला बसल्यासारखा चेहरा करून तो भाव वाचला. रोहण्यानं लगेच सिद्धांत मांडला: पोरगी हसली की वांगं पडतं, नाही हसली की चढतं.

"अरे, दोन निरीक्षणांवरून नियम निघत नाही," मयुरी नयनला फोनवर कळवळून म्हणाली. "तुमच्या लोकांनी माल नेला नाही, म्हणून भाव चढला!"

"मले समजते. पन बाबाले कोन सांगन?"

दुसऱ्या दिवशी रोहण्याची मंडळी वांग्यांचं पोतं घेऊन वाहिनीच्या ऑफिसात हजर झाली. "ताईले हासवू नका, साहेब." अनुपभाऊंनी पोतं ठेवून घेतलं आणि मयुरीला गंभीर राहण्याची लेखी सूचना दिली.

मग पिपरी मेघेतल्या शेजारणी खवळल्या. "सुलोचनाताई, तुमच्या पोरीच्या रागापायी वांगे घेनं होत नाई आमाले! हासवा तिले!" खुद्द आईसुद्धा फितूर झाली. एका संध्याकाळी ती भिशीच्या बायका घेऊन स्टुडिओच्या काचेमागे उभी राहिली आणि सगळ्यांनी मिळून मयुरीला वेडावून दाखवलं. नेमकी त्याच दिवशी झाडावर राखून ठेवलेली सगळी वांगी पिकायच्या भीतीनं एकदम बाजारात आली होती. "वांग्यांचे भाव..." म्हणता म्हणता मयुरी खो-खो हसत सुटली. भाव अर्थातच पडले होते.

आता रोहण्यात शंकेला जागा उरली नाही. कवडूजी सहकुटुंब तारखेचं बोलायला आले, पण वेगळाच पेच घेऊन.

"पोरगी आमाले पसंत. नोकरी तर बिलकुल सोडू नको. पन लग्न भाजी सरल्यावर. लग्नात तू हासशीन, हळदीत हासशीन. आमचं वाटोळं व्हईन!"

"भाजी कधी सरते, काकाजी?"

"वांगे सरले की टमाटर, टमाटर सरले की मिरची," कवडूजी विचारात पडले. "तसं पाह्यलं तं सरत नाई."

मयुरीनं नयनकडे पाहिलं. त्यानं मान खाली घातली होती. आवक, मागणी, निरीक्षणं, सगळं तिनं इतके दिवस समजावून पाहिलं होतं. तिनं चहाचा ट्रे शांतपणे खाली ठेवला, खुर्ची ओढून कवडूजींच्या अगदी समोर बसली आणि हसायला लागली. आधी नुसते ओठ.

"हासू नको, पोरी."

मग दात दिसले.

"आवं, हासू नको! आमच्या वांग्याची गाडी रस्त्यात हाय!"

मयुरीनं हसत हसत घड्याळाकडे पाहिलं. "तारीख निघेपर्यंत आता बातम्याही अशाच देते, काकाजी. टमाटरचा मोसम कधी लागते म्हणता?"

"अन्नपूर्णे! पंचांग काढ, पंचांग!" कवडूजी ओरडले.

पुढच्याच महिन्यातला पहिला मुहूर्त ठरला. कोपऱ्यात नयन केव्हाचा हसत होता, पण त्याच्या हसण्यानं कशाचाच भाव पडत नसल्यामुळे तिकडे कोणी लक्ष दिलं नाही.