चेकरसाहेबांच्या दारातल्या चपला

निवृत्त माणसानं स्वस्थ बसावं असं शास्त्रात कुठं लिहिलेलं असेलही. पण बद्रीनाथरावांनी त्या शास्त्रालाच आधी तिकीट दाखवायला सांगितलं असतं. एस.टी.त तिकीट तपासनीस म्हणून त्यांनी उभी हयात काढली होती. जालना-घनसावंगी रस्त्यावर त्यांची खाकी टोपी गाडीच्या दारात दिसली, की झोपलेले प्रवासी खडबडून जागे होत आणि जागे असलेले झोपेचं सोंग घेत. गावात त्यांना कुणी नावानं हाक मारत नसे. 'चेकरसाहेब' म्हटलं की लहान पोरंसुद्धा चड्डीचे खिसे चाचपत.

अशा माणसानं निवृत्तीनंतर घनसावंगीच्या आपल्या घराला रस्त्याच्या अंगानं दोन खोल्या काढल्या आणि बाहेर पाटी लावली : 'येथे राहण्यास खोल्या मिळतील.'

विचार चुकीचा नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो. गोष्ट गेल्या वर्षीची, चौऱ्याहत्तरची. कालव्याच्या कामावरचे ओव्हरसिअर, बँकेचे नवे बाबू, बियाणं विकत फिरणारे एजंट, अशी माणसं गावात उतरत आणि रात्री पाठ टेकायला जागा नाही म्हणून शाळेच्या व्हरांड्यात डास मारत बसत. (साहेबांना मुक्कामाला पाठवणाऱ्यांनी मुक्कामाची सोय करावी, हा विचार आपल्याकडं मुक्काम संपल्यावर सुचतो.) त्यात बद्रीनाथरावांच्या खोल्या स्टँडला लागून, खाटा नव्या, चादरी पांढऱ्याशुभ्र. तरीही खोल्या रिकाम्याच.

म्हणजे माणूस येई, नाही असं नाही. पण दारातच त्याची तपासणी सुरू होई. कुठून आलात, कुठं उतरणार, ही ट्रंक कुणाची, पोरगं अर्ध्या तिकिटाचं की पुऱ्या? एवढ्यातून जो आत शिरे, त्याच्या खाटेशेजारी रात्री चेकरसाहेब खुर्ची घेऊन बसत आणि आपण कुणाला कुठल्या वळणावर कसं पकडलं, याच्या कथा सांगत. टेंभुर्णीचा देवानंद नावाचा तरुण ओव्हरसिअर कालव्याचं काम संपेपर्यंत राहायच्या बेतानं आला होता. दुसऱ्या दिवशी तो तोंड न धुता पहिल्या गाडीनं गेला. गिऱ्हाईक का टिकत नाही, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. फक्त मालकाला ठाऊक नव्हतं. मालकांचं बहुधा असंच असतं.

खोल्यांवर डोळा होता तो मेव्हण्याचा. आष्टीच्या भुजंगला तिथं पिठाची गिरणी टाकायची होती. प्रभावतीबाईंनी, म्हणजे चेकरसाहेबांच्या सौभाग्यवतींनी, भावाला शब्द देऊन टाकला, की पोळ्यापर्यंत गिऱ्हाईक लागलं तर ठीक, नाहीतर पोळ्याला इंजिन बसव. बद्रीनाथरावांनी हे ऐकलं आणि हिशोब मांडला. आख्खं आयुष्य इंजिनाच्या धडधडीवर बसून काढलेलं. आता उरलेलं इंजिनाच्या शेजारी झोपून काढायचं म्हणजे शिक्षाच.

तेवढ्यात कामानिमित्त जालन्याला जाणं झालं. तिथं स्टेशनजवळच्या एका लॉजवर त्यांनी पाहिलं, की प्रत्येक दाराबाहेर चपला-बुटांची रांग, आणि मॅनेजर मान वर न करता 'जागा नाही' म्हणतोय. तो जितकं नाही म्हणे, तितकी माणसं जास्त विनवण्या करत. बद्रीनाथरावांच्या डोक्यात प्रकाश पडला. परत आल्यावर ते थेट घरासमोरच्या चहावाल्या शिवाजीकडं गेले. शिवाजीला बेत पटला.

"बराबर हाय," तो म्हणाला. "रिकाम्या हाटेलात माणूस पाणी प्यायला बी शिरत न्हाई. गर्दी दिसली की मंग येतंय. पण एक करा, चेकरसाहेब. तुम्ही बिलकुल दिसू नका."

"का बरं?"

"तुम्ही दिसले की माझा हात अजून बी खिशात जातो. आणि मी तर माझ्याच हाटेलात हाय."

हे बद्रीनाथरावांनी कौतुक म्हणून घेतलं आणि न दिसण्याचा शब्द दिला.

बाजाराच्या दिवशी त्यांनी जुन्या चपला दुरुस्त करून विकणाऱ्याकडून एक पोतं चपला दिवसाच्या भाड्यानं आणल्या. (भाडं मिळावं म्हणून स्वतः भाडं भरणारा हा पंचक्रोशीतला पहिला घरमालक.) सकाळीच त्या दारासमोर पसरून ठेवल्या. ओसरीवर चौघांना फुकट चहाच्या बोलीवर बसवलं आणि ताकीद दिली की तोंडातून शब्द काढायचा नाही. बोललात की गावचेच आहात हे कळेल. चौघं माना खाली घालून बसले. खोल्यांमधल्या साऱ्या पांढऱ्या चादरी प्रभावतीबाईंनी धुऊन अंगणात वाळत घातल्या. एवढी माणसं राहणार तर तिखट लागेल, म्हणून त्या दारातच मिरच्या कांडायला बसल्या आणि पदरानं डोळे पुसू लागल्या. बद्रीनाथराव ठरल्याप्रमाणे आतल्या खोलीत, खिडकीच्या फटीला डोळा लावून.

आता हे चित्र रस्त्यावरून कसं दिसलं असेल ते बघा. दारात चपलांचा ढीग. ओसरीवर माना खाली घातलेले पुरुष. सगळीकडं पांढरं कापड. उंबऱ्यात डोळे पुसणारी बाई. आणि घरधनी कुठंच नाही.

आठाची गाडी समोरून गेली. त्या गाडीचा कंडक्टर काकासाहेब बद्रीनाथरावांच्या हाताखालून गेलेला. त्यानं बघितलं, टोपी काढली, आणि दोनऐवजी एकच घंटी मारून गाडी क्षणभर थांबवली. झालं. ज्या रस्त्यावर चेकरसाहेबांनी आयुष्यभर कुणाला फुकट जाऊ दिलं नाही, त्याच रस्त्यानं त्यांच्या मरणाची बातमी विनातिकीट निघाली.

पहिली आली शेजारची कौसल्या, पिठलं-भाकरी झाकून घेऊन. प्रभावतीबाई म्हणाल्या, कशाला गं तसदी, मी करतच होते. तर कौसल्या म्हणाली, "असू द्या वहिनी, आजच्या दिवशी चूल पेटवायची न्हाई." प्रभावतीबाईंना वाटलं, आपल्याला ठाऊक नसलेला एखादा श्रावणातला उपास असेल. पण उपासाला पिठलं-भाकरी कशी, या कोड्यात त्या पडल्या असतानाच माणसांची रीघ लागली. जो येई तो चपला काढी, हात जोडी आणि गुमान बसून राही.

फटीतून बद्रीनाथराव हरखून बघत होते. जालन्याचं गणित बरोबर निघालं होतं. चपलांनी चपला ओढल्या होत्या. आलेली मंडळीही चौघांसारखीच मुकाट बसलेली बघून त्यांना शिस्तीचं फार कौतुक वाटलं. दुपारच्या गाडीनं आष्टीहून भुजंग आला, 'दाजी, दाजी' करत ओसरीवर कोसळला, बहिणीला काही बोलूच देईना. मग सावरला. उपरण्यानं डोळे पुसले आणि त्याच उपरण्यानं नव्या खोलीची लांबी मोजून घेतली. खिशातून खडू काढून, इंजिन कुठं बसेल तिथं जमिनीवर गोलही काढला. तो गोल बद्रीनाथरावांना फटीतून दिसला. बाहेर एवढी गिऱ्हाइकं, आणि हा गिरणी मांडून राह्यला! पण शिवाजीला शब्द दिलेला. गप्प राहिले.

ओसरीवर हळूहळू बोलणं सुरू झालं. माणूस तसा वाईट नव्हता, असं कुणी म्हणालं. हिशोबाला चोख होता, दुसरा म्हणाला. पण गाडीत चढला की पोटात गोळा यायचा. मग कोपऱ्यातून संपत नावाचा एक शेतकरी गहिवरून म्हणाला, "मला मात्र त्यांनी जन्मात कधी बिनतिकिटाचं पकडलं न्हाई."

माणूस स्वतःच्या मरणाबद्दलची अफवा एक वेळ सहन करील. बद्रीनाथरावांना खोटा प्रवासी सहन होत नसे. धाडकन दार उघडून ते बाहेर आले.

"खोटं बोलतो. अंबडच्या वळणावर पकडला होता. आणि घोंगडीखाली बकरी बी होती."

पुढचं दृश्य सांगायला मला पत्र्याच्या छतावर पडलेल्या गारांचा आवाज काढता आला पाहिजे. बायका परसदारानं गेल्या, पुरुष कुंपणावरून गेले. संपत मात्र तिथंच बसला होता. त्यानं हात जोडले. "व्हय साहेब, पकडलं व्हतं. बकरीचं बी कबूल हाय. पण आता वर जा."

त्याचं बघून, चप्पल शोधत मागं राहिलेल्या आणखी दोघातिघांनी आपापले जुने गुन्हे न विचारताच कबूल केले. पळताना ज्याच्या पायाला जी चप्पल आली ती त्यानं घातली. पोतं भाड्याचं होतं हे कुणाला माहीत? आपण मेलो होतो हे बद्रीनाथरावांना कळायला संध्याकाळ झाली. तोवर लांबून आलेल्या पाहुण्यांची शेवटची गाडी चुकली होती. दोन्ही खोल्या खचाखच भरल्या. पहिल्यांदाच भरल्या, आणि सगळी आपलीच माणसं. उद्या पोळा आहे तर पुरणपोळी खाऊनच जाऊ, असं त्यांनी परस्पर ठरवलंही.

पोळ्याच्या सकाळी बद्रीनाथराव नव्या खोलीच्या दाराआड बसून खडूच्या गोलाकडं बघत होते. इंजिन दुपारी यायचं होतं. इतक्यात ओसरीवर पावलं वाजली. टेंभुर्णीचा देवानंद होता. मागं वळकट्या घेतलेले त्याचे तिघे सोबती. त्यानं प्रभावतीबाईंना हात जोडले.

"मावशी, काल गाडीत ऐकलं. फार वाईट झालं. अशा वक्ताला इचारू नये, पण दोन्ही खोल्या आम्हाला द्या. कालवा पुरा होईपर्यंत राहतो. महिन्याचं आधी देतो."

"मागं तर एका रात्रीत गेल्तात," प्रभावतीबाई म्हणाल्या.

देवानंद पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत राहिला. मग म्हणाला, "तवा साहेब होते ना."

दाराआड बद्रीनाथरावांनी हे ऐकलं. आयुष्यात इतकं स्वच्छ उत्तर त्यांना कुठल्याही प्रवाशानं दिलं नव्हतं. ते उठले, कडीला हात घातला. बाहेर जाऊन या पोराला चार गोष्टी सुनवायच्या होत्या. मग नजर पुन्हा त्या गोलावर गेली. कडीवरचा हात त्यांनी हळूच काढून घेतला आणि मुकाट खाली बसले. या माणसाच्या हातून घडलेला हा पहिला मोठा त्याग. इतिहासात त्याची नोंद व्हायची नाही, म्हणून इथं करतो.

प्रभावतीबाईंना खोटं बोलवेना. "हायत अजून," त्या म्हणाल्या.

चौघांनी खाली ठेवलेल्या वळकट्या पुन्हा उचलल्या.

"थांबा की. दिवसभर ते ष्टँडवर असतात. रात्री तुमच्या खोलीकडं फिरकणार न्हाईत, काही इचारणार न्हाईत. माझा शब्द हाय." आणि दाराकडं तोंड करून, "काय हो?"

दाराआडून बारीक खोकला आला. तो होकार धरण्यात आला. प्रभावतीबाईंनी ओला फडका घेऊन इंजिनाचा गोल स्वतः पुसला, आणि भुजंगला दोन पुरणपोळ्या जास्तीच्या वाढल्या.

त्या दिवसापासून बद्रीनाथराव खरंच सकाळी स्टँडवर जाऊन बसतात. कुठली गाडी कुठं लागते, लेकुरवाळीनं कुठल्या बाजूला बसलं तर ऊन लागत नाही, हे लोकांना सांगतात. लोक त्यांना चहा पाजतात. रात्री घरात इंजिन नाही. आहे ती फक्त देवानंदच्या सोबत्यांच्या घोरण्याची धडधड, आणि ती भाडं देऊन होते. कालव्यावरच्या माणसांत या खोल्यांचं असं नाव झालं, की एक वळकटी हलली की दुसरी येते. आपला धंदा चपलांमुळंच वाढला, असं बद्रीनाथराव अजूनही मानतात.

परवा संध्याकाळी बँकेचे एक नवे साहेब खोली बघायला आले. बद्रीनाथराव ओसरीच्या टोकाला, शब्दाला जागून, तोंड मिटून चहा पीत होते. साहेबांनी त्यांना डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं आणि हे कोण म्हणून विचारलं.

"हे व्हय?" प्रभावतीबाई म्हणाल्या. "हे सगळ्यांच्या आधीपासून राहून राह्यलेत. त्यांच्याकडून भाडं घेत न्हाई आम्ही."

साहेबांनी पुन्हा एकदा त्यांच्याकडं पाहिलं, या खेपेला तपासल्यासारखं. आणि बद्रीनाथरावांचा हात आपोआप खिशात गेला, तिकीट शोधायला.