सायकल उचला!

सायकलस्वारांनाही मोटारवाल्यांइतकेच नियम लागू असावेत, असे शेषरावांचे ठाम मत होते. मुलीच्या साखरपुड्यात त्यांनी ते अकोल्याच्या व्याह्यांना, देवमनरावांना, भर पंगतीत ऐकवलेही होते. (व्याह्यांचा अपराध इतकाच, की तरुणपणी सायकलवर लाल सिग्नल तोडल्याची आठवण त्यांनी हसत सांगितली.)

तेच देवमनराव त्या रविवारी प्रथमच अमरावतीला जेवायला येणार होते.

"मटन घेऊन सीधे घरी या," शेषरावांच्या पत्नी ललिताबाईंनी बजावले. "रस्त्यात कोनाले शिकवत बसू नका."

मटणाची पिशवी सायकलच्या हँडलला अडकवून शेषराव कोथिंबीर घ्यायला वळले, तोच वाहने उचलणारा ट्रक आला आणि शेजारची स्कूटर हवेत गेली.

"माही स्कूटर उचलता, अन् थे सायकल काहून नाई?" स्कूटरवाला कडाडला.

"सायकलले नो-पार्किंग नसते बाप्पा," हवालदार म्हणाला.

"असते!" शेषराव गरजले. (तत्त्वाच्या प्रश्नावर ते पुस्तकी मराठीत बोलत.) "सायकल माझी आहे. उचला!"

हवालदाराने त्यांना आपादमस्तक न्याहाळले. "काका, घरी भांडन झालं काय?"

शेवटी मागच्या चाकाला शेषरावांनी स्वतः हात लावला. ट्रक कोपऱ्यावर दिसेनासा झाल्यावर त्यांना मटण आठवले.

वाहतूक शाखेच्या आवारात तोच हवालदार भेटला.

"दंड घ्या आणि सायकल सोडा."

"दंडाले गाडीचा नंबर लागते. सायकलले नंबर कुठी हाय?"

"मग तशीच सोडा."

"कशी सोडू? नियम सारखा, तुमीच म्हनले. दंडाबिगर गाडी सुटत नाई."

एवढ्यात ललिताबाईंचा फोन आला. "पाव्हने बडनेरा टेसनावर उतरले! मटन कुठी हाय?"

"पोलिसांच्या ताब्यात हाय," शेषराव पुटपुटले. पुस्तकी मराठीने त्यांची साथ सोडली होती.

हवालदाराला दया आली. "एक रस्ता हाय. सायकल गाडीच नाई, असं म्हना. गाडी नाई, म्हंजे आमी उचललीच नाई."

शेषरावांनी पिशवीकडे पाहिले. आवारातले एक कुत्रेही तिच्याकडेच पाहत होते.

"सायकल ही गाडी नाही," ते क्षीण आवाजात म्हणाले.

"जोऱ्यानं! साहेब आत बसले हायेत."

"सायकल ही गाडी नाही!"

यानंतर ते जे सुटले, ते वाटेतल्या लाल सिग्नललाही थांबले नाहीत. जी गाडीच नाही, तिने थांबावे कशासाठी, हा तर्क निर्दोष होता.

पाहुण्यांच्या आधी मटण घरी पोहोचले. पहिला घास घेऊन देवमनराव तृप्तीने म्हणाले, "वा! अन् व्याहीबुवा, आज तुमचं आयकलं बरं का. सिग्नल लाल होता. ऑटोवाला म्हने, कोनी नाई, जाऊ द्या. म्या म्हनलं, थांब! आमचे व्याही नियमाचे मानूस हायेत."

शेषरावांची मान अभिमानाने किंचित वर झाली.

"तेवढ्यात बाजूनं एक सायकल सन्नकन गेली. म्या हाक बी मारली, 'शेषराव!' मागं न पाहता त्यानं नुसता हात हालवला."

ललिताबाईंची पळी हवेतच थांबली.

"ऑटोवाल्यानं विचारलं," देवमनराव रश्श्यात भाकर बुडवत म्हणाले, "तुमच्या वळखीचे हायेत काय? म्या म्हनलं, नाई बा!"