थोरल्याच्या सावलीची बखर

श्रीगजवदनास नमन, आणि वीज न गेली तर संगणकासही नमन. शके १९४६, क्रोधीनाम संवत्सरे, चैत्रमासी, कोणे एके मुलुखी दोघे बंधू उसाच्या रसवंतीचे राज्य करीत होते. थोरले सर्जेराव, धाकटे तात्याबा. वडील निवर्तल्यावर पाटी नवी करावी, तीवर दोघांची नावे असावी आणि अक्षरे ऐसी की हाताने धरावी, हा मनसुबा करोन उभयतां कमळजाबाईंच्या फ्लेक्सशाळेस आले. बाई पन्नाशीच्या, मोबाइलावर पाहोन पाहोन विद्या साधिलेल्या. त्यांनी संगणकाच्या पडद्यावर थोरल्यांचे नाव वरी, धाकट्यांचे खाली, ऐसे दोन निराळे थर मांडिले, आणि अक्षरामागे तेंच अक्षर गडद रंगाने सरकवीत सरकवीत विटेएवढी जाडी आणिली, आणि कडांस उजेड दिला, मग डावे हाती वरी सूर्य टांगोन सावली पाडिली. अक्षरे उठोन उभी राहिली. सर्जेराव संतोषोन बोलिले, "वा बाई! वर मांजर बसेल." परंतु तात्याबांचे मुख उतरले. थोरल्यांची सावली नेमकी त्यांच्या नावावर पडली होती.

"ताई, इथंही मी दादाच्या सावलीतच? चरक मी ओढायचा, गल्ल्यावर हा बसायचा. पुसा माझं नाव. मी वेगळी रसवंती टाकतो."

"टाक की! चरकाची घुंगरं तेवढी ठेवून जा."

"घुंगरं बाबांची आहेत!"

ऐसा शब्दास शब्द वाढला, तेव्हां आपण पाडिलेल्या सावलीने राज्य फुटते की काय, ही धास्ती बाईंस पडली. मग त्यांनी सूर्य खालून आणिला. तों धाकट्यांची सावली थोरल्यांवर चढली आणि अक्षरे भुतासारखी दिसों लागली. आपले नाव काळवंडलेले पाहोन सर्जेराव पडद्यापाशी वाकले. मग हळूच बोलिले, "बाई, मला खाली उतरवा. ह्याच्या शेजारी."

बाईंनी दोन्ही नावे एके ओळीस घेतली, दोन थरांचा एक थर केला, आणि सूर्य पुन्हा वरी नेला. सावली एकच होऊन मोकळ्या जागी पडली. तात्याबा पडद्यावर बोट ठेवोन पुसते जाहले, "आता ही कुणाची?"

"दुकानाची," बाई बोलिल्या.

"उद्या चरकावर मी," सर्जेराव बोलिले. "गल्ल्यावर तू बस. सुट्टे नीट दे म्हणजे झालं."

येणेंप्रमाणे पाटी चढली आणि घुंगरे एकाच चरकास राहिली. हात लाविला तर फ्लेक्स सपाटच. परंतु भर दुपारी एक कुत्रे त्या रंगविलेल्या सावलीखाली येऊन निजले, त्यास दोघांपैकी कोणीही उठविले नाही.